वसईचे संत गोन्सालो गार्सिया

ज्युबिलीची पुस्तिका म्हटली म्हणजे मंदिराचा पाया केव्हां घातला, घंटा कोठून आली, कोणाच्या श्रमांनीं भिंती उभ्या राहिल्या, या गोष्टी तींत यावयाच्याच. आणि त्या याव्यात हें योग्यही आहे. परंतु विटा-चुन्याचा हिशेब लिहून संपला म्हणजे दुसरा एक हिशेब उरतो, आणि तो धर्मगुरूला रात्रीं स्वस्थ झोपूं देत नाहीं. इतक्या वर्षांत या वेदीपुढें गुडघे टेकणारीं माणसें पवित्रतेंत कांहीं वाढलीं कीं नाहीं, हा तो हिशेब होय. बाप्तिस्मे मोजतां येतात, लग्नें मोजतां येतात, दफनें मोजतां येतात. श्रद्धेची वाढ मोजण्याचें माप आमच्यापाशीं नाहीं.

नांदे येथें आम्हीं जेव्हां जेव्हां पवित्रतेविषयीं प्रवचन केलें, तेव्हां तेव्हां मिस्सा संपल्यावर अंगणांत एकच उत्तर आमच्या कानीं आलें आहे. साधुत्व हें फादर-सिस्टरांचें काम. आम्ही पडलों संसारी माणसें. कोणी पिरंगुटच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा, कोणी हिंजवडीस कचेरींत बसणारा, कोणी अहिल्यानगर जिल्ह्यांतलें आपलें गांव सोडून पोटासाठीं इकडे आलेला. सकाळीं घर सोडावें तें रात्रीं परतावें, त्यांत प्रार्थनेस वेळ कोठला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल खोटा नाहीं. त्यास आम्हीं पुष्कळ उत्तरें दिलीं. त्यांतील बहुतेक लोक विसरले, व कांहीं आम्हीही विसरलों. म्हणून या खेपेस उत्तर न देतां एका माणसाचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे. हा माणूस आपल्याच महाराष्ट्राच्या मातींत जन्मला. आयुष्याचीं बहुतेक वर्षें तो ना धर्मगुरु होता ना व्रतस्थ. त्यानें लोकांना प्रश्नोत्तरी शिकविली, नंतर व्यापार मांडिला, नंतर रोग्यांच्या जखमा धुतल्या, नंतर दुसऱ्यांचें बोलणें एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत सांगितलें. आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर तो क्रूसावर चढला.

गोन्सालोचा जन्म वसई येथें इ. स. १५५६ किंवा १५५७ च्या सुमारास झाला. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ सालच्या तहानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली होती. म्हणजे गोन्सालो जन्मला तेव्हां त्या सत्तेला तेथें वीस-बावीस वर्षें झालीं होतीं. बाप पोर्तुगीज शिपाई, आई वसईचीच. दोन रक्तांचा हा मुलगा. आजच्या वाचकांस त्यांत विशेष वाटणार नाहीं. परंतु त्या काळीं युरोपांत जन्मलेला युरोपी एक, हिंदुस्थानांत जन्मलेला युरोपी दुसरा, मिश्र रक्ताचा तिसरा, आणि निव्वळ एतद्देशीय चौथा, अशा पायऱ्या पोर्तुगीज राज्यांत पक्क्या बसलेल्या होत्या. उच्चनीचतेचा दोष आपण नेहमीं दुसऱ्यांच्या पदरीं बांधतों. परंतु ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यकर्त्यांनींही आपली एक उतरंड रचली होती, हें ज्युबिलीच्या पुस्तिकेंतही झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. गोन्सालो तिसऱ्या पायरीवर उभा होता, एवढें पुढच्या कथेसाठीं ध्यानांत ठेवावें.

वसईचा कोट त्या वेळीं भर वस्तीचा होता. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय त्या भूमीस लागून थोडींच वर्षें झालीं होतीं, आणि त्यांच्या मागोमाग येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं तेथें मंदिर व पाठशाळा चालविली होती. त्या पाठशाळेंत गोन्सालो वाचन, लेखन आणि धर्माची प्रश्नोत्तरी शिकला. फादर सेबास्तियन गोन्साल्विस नांवाच्या गुरुजींचा त्याजवर विशेष लोभ जडला. भाषा त्याच्या जिभेवर लवकर बसे. घरीं आईची भाषा एक, बापाची दुसरी, आणि मंदिरांतील तिसरी. ज्या मुलाला पाळण्यापासून दोन भाषांत जगावें लागतें त्याला आणखी एखादी जड जात नाहीं, हें आपल्यापैकीं पुष्कळांना घरच्या अनुभवानें ठाऊक असेल.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानास गेला. संत फ्रान्सिस हे १५ ऑगस्ट १५४९ रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणीं, कागोशिमा येथें उतरले होते. त्यांनीं लाविलेलें रोप आतां मूळ धरूं लागलें होतें. गोवा, मलाक्का, मकाव असे टप्पे घेत, वाऱ्याची वाट पाहत, महिनेच्या महिने जहाजावर काढावे तेव्हां जपानचा किनारा दिसे. पंधरा वर्षांचें पोर त्या वाटेनें गेलें तें आईला पुन्हां दिसलें नाहीं.

जपानांत त्यानें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. युरोपांतून आलेल्या धर्मगुरूंस जपानी भाषा फार कष्टानें येई. गोन्सालो ती तेथल्या माणसासारखी बोलूं लागला. आपल्या इकडच्या वाचकांना हें काम समजावून सांगणें नलगे. नगर जिल्ह्यांतील मिशनांत खेडोपाडीं जे मास्तर असत, जे शाळाही चालवीत, रविवारीं लोकांना जमवून प्रार्थनाही सांगत, आजाऱ्यापाशीं बसत आणि फादर घोड्यावरून येईपर्यंत मरणाऱ्याच्या कानांत येशूचें नांव सांगत, तसाच हा मास्तर. आपल्यापैकीं कित्येकांचे आजे-पणजे अशाच मास्तरांच्या तोंडून प्रश्नोत्तरी शिकले. त्या मास्तरांच्या तसबिरी मंदिरांत लागलेल्या नाहींत. परंतु ते नसते तर आज आपलें मंदिरही नसतें.

या आठ वर्षांत गोन्सालोच्या मनांत एकच इच्छा होती. आपणांस येशूसंघांत घ्यावें. त्यानें ती बोलून दाखविली, पुन्हां बोलून दाखविली, आणि दर वेळीं त्याला थांबावयास सांगण्यांत आलें. त्याचा दोन रक्तांचा जन्म आड आला, असें परंपरा सांगते. हिंदुस्थानांत जन्मलेल्या एतद्देशीय व मिश्र रक्ताच्या तरुणांना घेण्यास त्या काळचे संघ नाखूष असत, हें तर इतिहासांत स्पष्टच आहे. आणि त्याच येशूसंघानें जपानी तरुणांना मात्र त्या सुमारास प्रवेश दिला, हेंही तितकेंच स्पष्ट आहे. येशूसंघाचे पुणें धर्मप्रांतावर अपार उपकार आहेत. ते स्मरूनही आम्हांस असें वाटतें कीं या ठिकाणीं माणसें चुकलीं. पवित्र सभा पवित्र आहे. तिच्या दारावर बसणारे पहारेकरी नेहमींच तसे असतात असें नाहीं.

अशा प्रसंगीं माणूस काय करतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. सेमिनरींतून परत आलेला मुलगा, लग्न मोडलेली मुलगी, ज्याचें नांव समितींतून वगळलें गेलें असा गृहस्थ; त्यांपैकीं कित्येक प्रथम धर्मगुरूवर रुसतात, मग मंदिरावर, आणि शेवटीं देवावर. पहिले दोन रुसवे आम्ही समजूं शकतों. गोन्सालोही दुखावला गेला असलाच पाहिजे. तो दगडाचा नव्हता. मात्र त्यानें मिशनची नोकरी सोडली, श्रद्धा सोडली नाहीं. त्यानें व्यापार मांडिला.

त्याच्या चरित्रांतील हा भाग लेखक मंडळी घाईघाईनें ओलांडतात. जणूं तीं वर्षें फुकट गेलीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. जपान, मकाव आणि पूर्वेकडील बंदरें यांमध्यें त्याचा माल फिरूं लागला. भाषा अवगत, माणसांची पारख, दर्यावर्दी लोकांशीं ओळख, यामुळें तो भरभराटीस आला. बंदरांतला व्यापारी म्हणजे सौदा, उधारी, जकात, तंटा आणि लांच यांच्या गर्दींत उभा असलेला माणूस. अशा जागीं दहा आज्ञा पाळणें हें मठांतल्यापेक्षां सोपें नव्हे, हें ज्यानें मंडईंत गाळा चालविला आहे तो सांगेल. आणखी असें कीं, बंदरें कशीं चालतात, जपानी दरबारांत कोणाशीं कसें बोलावें, लवून नमस्कार किती करावा, कोणता शब्द थोरांपुढें चालत नाहीं, हें सर्व त्यानें त्याच वर्षांत पक्कें केलें. पुढें देवानें त्याला ज्या कामास लावलें तें काम केवळ प्रार्थनामंदिरांत वाढलेल्या माणसास साधलेंच नसतें.

फिलिपाईन बेटांतील मनिला शहरीं तो आला तेव्हां त्याच्या हातीं पैसा होता व मनांत ती जुनीच इच्छा होती. तेथें संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या संघाचे बंधु अनवाणी फिरत, भिक्षा मागत आणि महारोग्यांची सेवा करीत. गोन्सालो त्यांच्यांत मिसळूं लागला. महारोग्यांच्या जखमा त्यानें आपल्या हातांनीं धुतल्या. १५८७-८८ च्या सुमारास त्या संघानें त्याला आपल्यांत घेतलें. धर्मगुरु म्हणून नव्हे. दीक्षा न घेतलेला साधा बंधु म्हणून. असा बंधु मिस्सा अर्पण करीत नाहीं, पापनिवेदन ऐकत नाहीं. तो दार उघडतो, चूल पेटवितो, आजाऱ्याची चादर बदलतो. गोन्सालोला एवढें पुरें झालें. कमावलेली संपत्ति त्यानें मागें ठेविली.

येथवर आम्हीं त्यांचा उल्लेख एकेरी केला. लहानपणापासून ज्याला पाहिलें त्याला माणूस तसाच हांक मारतो. येथून पुढें बंधु गोन्सालो यांस अहोजाहो करणें भाग आहे.

जपानांत या सुमारास तोयोतोमी हिदेयोशी याची सत्ता होती. साध्या शेतकरी घरांत जन्मून तो तरवारीच्या व अकलेच्या जोरावर साऱ्या जपानाचा स्वामी झाला होता. १५८७ सालीं त्यानें येशूसंघीयांस देश सोडण्याचा हुकूम काढिला. परंतु पोर्तुगीजांचा रेशमाचा व्यापार त्यास हवा असल्यामुळें हुकूम कागदावरच राहिला, आणि धर्मगुरु सांभाळून, गाजावाजा न करतां काम करीत राहिले. १५९२ सालीं त्यानें कोरियावर सैन्य धाडिलें, आणि फिलिपाईन बेटांनींही आपलें मांडलिकत्व पत्करावें असा निरोप मनिलेच्या स्पॅनिश गव्हर्नराकडे पाठविला. गव्हर्नर घाबरला. वेळ मारून नेण्यासाठीं त्यानें वकिलात पाठविण्याचें ठरविलें, व तिचे प्रमुख म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरु पीटर बाप्तिस्त यांची निवड केली. बरोबर जपानी भाषा जाणणारा विश्वासू माणूस हवा होता. तो बंधु गोन्सालोंशिवाय दुसरा कोण असणार? १५९३ सालीं ही मंडळी जपानांत पोंचली.

क्यूशू बेटावरील नागोया येथें हिदेयोशीची छावणी होती. तेथें भेट झाली. एका बाजूस जगज्जेता म्हणविणारा सत्ताधीश, दुसऱ्या बाजूस ठिगळांच्या झग्यांतले संन्यासी, आणि मध्यें वसईचा हा दुभाषी. दुभाष्याचें काम बाहेरून सोपें दिसतें. धन्याचा शब्द कडक असला तर तो मवाळ करून सांगावा असा मोह होतो. मवाळ केला तर खोटें होतें, आणि कडक ठेवला तर मान जाते. फादर पीटर यांनीं मांडलिकत्व मान्य केलें नाहीं. मैत्री देऊं केली. तें बोलणें हिदेयोशीच्या कानांपर्यंत गोन्सालोंच्या तोंडून गेलें. हिदेयोशी शांत झाला. त्यानें त्यांस राहण्यास परवानगी दिली आणि क्योतो या राजधानींत जागाही दिली.

क्योतो येथें १५९४ सालीं मंदिर उभें राहिलें. शेजारीं महारोग्यांसाठीं व गरिबांसाठीं दोन इस्पितळें उघडलीं. त्या काळीं महारोग झाला म्हणजे घरचे लोक रोग्याला बाहेर काढीत. असे लोक रस्त्यांवरून उचलून आणून त्यांस न्हाऊं-माखूं घालणें, त्यांच्यापाशीं बसून दोन शब्द बोलणें, हा त्या मठाचा नित्यक्रम होता. फादर पीटर व इतरांस जपानी भाषा नवी. म्हणून शिकविणें, समजूत घालणें, सरकारी माणसांशीं बोलणें, दाराशीं आलेल्याची चौकशी करणें, हा बहुतेक भार बंधु गोन्सालोंवर पडे. मंदिराच्या पुस्तकांत ज्यांचें नांव सर्वांच्या शेवटीं यावें असा हा बंधु, पण त्यांच्यावांचून तेथलें पान हालत नसे. प्रत्येक धर्मग्रामांत असा एखादा माणूस असतो. आमच्याही आहे, आणि त्यास संकोच वाटूं नये म्हणून आम्ही नांव लिहीत नाहीं.

एक अप्रिय गोष्ट येथें सांगावी लागते. १५८५ सालीं पोप तेरावे ग्रेगरी यांनीं जपानचें मिशन एकट्या येशूसंघाकडे सोंपविलें होतें; फ्रान्सिस्कन बंधूंना वाटे कीं पुढच्या पोपांनीं आपल्या संघास दिलेल्या अधिकारानें आपला मार्ग मोकळा आहे. येशूसंघीय म्हणत, बंदीहुकूम असतां उघड उघड घंटा वाजविणें म्हणजे संकट ओढवून घेणें. फ्रान्सिस्कन म्हणत, दिवा टोपलीखालीं किती दिवस झांकावा? पत्रांवर पत्रें गेलीं, तक्रारी झाल्या. चारशें वर्षांनंतर घरांत बसून निवाडा देणें सोपें आहे. आम्हांस तर दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य दिसतें, आणि दोघांच्याही भांडणाची लाज वाटते.

१५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत मनिलेहून मेक्सिकोस जातां जातां वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यावर अपार माल होता. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनीं तो जप्त केला. त्या वेळीं जहाजावरील सुकाण्यानें नकाशा पुढें ठेवून आपल्या राजाचें साम्राज्य किती अफाट आहे तें दाखविलें, आणि आधीं धर्मोपदेशक जातात व मागून सैन्य येतें अशा अर्थाची फुशारकी मारली, असें सांगतात. फुशारकी कोणीं व कोणत्या शब्दांत मारली यावर दोन्ही संघांच्या बखरींत मतभेद आहे. परंतु वसई, गोवें व मनिला यांकडे पाहणाऱ्या सत्ताधीशास अशी शंका यावी यांत नवल नव्हतें. तरवार व क्रूस एकाच गलबतांतून प्रवास करीत होते, आणि त्याची किंमत ज्यांच्या हातीं तरवार नव्हती त्यांनीं दिली. हिदेयोशी खवळला. डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथील मठांभोंवतीं पहारे बसले.

पकडलेल्यांची यादी पाहण्यासारखी आहे. सहा फ्रान्सिस्कन. त्यांतील फिलिप नांवाचा तरुण मेक्सिकोचा. दीक्षा घेण्यासाठीं घरीं चालला असतां त्याच फुटलेल्या गलबतावरून तेथें आला होता. येशूसंघाचे तिघे, त्यांत सुप्रसिद्ध उपदेशक पॉल मिकी. बाकीचे सतरा जण जपानी प्रापंचिक. कोझाकी मिगेल धनुष्यें बनविणारा, आणि त्याच्याबरोबर त्याचा चौदा वर्षांचा मुलगा थोमास. कोस्मास ताकेया तरवारींना धार लावणारा. एक वैद्य, एक औषधें विकणारा, एक रेशमाचा विणकर, एक लांकडी पिंपें घडविणारा, एक सुतार. मात्तिया नांवाचा एक जण तर यादींत नव्हताच. शिपायांनीं मठांत येऊन मात्तिया नांवाच्या आचाऱ्यास हांक मारली. आचारी बाजारांत गेला होता. शेजारीं राहणारा दुसराच एक मात्तिया पुढें झाला व आपणही मात्तियाच आहों, शिवाय ख्रिस्तीही आहों, असें म्हणाला. शिपायांस संख्येशीं काम. त्यांनीं त्यास बांधिलें. सर्वांत लहान लुई, बारा वर्षांचा, मठांत वेदीसेवक.

३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतोच्या चौकांत कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यांत आली. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता. एका दयाळू अधिकाऱ्यानें तो इतक्यावर आणिला. मग गाड्यांत घालून शहरांतून धिंड, आणि तेथून नागासाकीपर्यंत, कडाक्याच्या थंडींत, बर्फांतून, सुमारें एक महिन्याची वाट. निघाले तेव्हां चोवीस होते. वाटेंत दोन माणसें त्यांची सेवा करीत बरोबर चालत होतीं; पहारेकऱ्यांनीं त्यांनाही धरिलें व संख्या सव्वीस झाली. त्या सुताराची हीच हकीकत. तो सेवेसाठीं आला व त्यांतला एक झाला. थोमासानें वाटेंत आपल्या आईला पत्र लिहिलें. तें पोंचलें नाहीं. पुढें बापाच्या मृत देहावरील कपड्यांत रक्तानें माखलेलें सांपडलें.

त्या महिन्याच्या वाटेंत बंधु गोन्सालोंना काय वाटलें असेल? याच वाटांनीं ते तरुणपणीं मास्तर म्हणून चालले होते. याच बंदरांत त्यांनीं माल उतरविला होता. हिशेब, भाव, तराजू, ओळखीचे चेहरे, सारें आठवलें असेल. धर्मगुरु म्हणून आम्ही पुष्कळ मरणें जवळून पाहिलीं आहेत, आणि आमचा अनुभव असा कीं शेवटल्या घटकेस माणसाला नवें बळ क्वचितच येतें. जें रोज थोडथोडें साठविलें असेल तेंच कामीं येतें.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकी शहरावर निशिझाका नांवाची टेकडी आहे. तेथें कोवळ्या गव्हाच्या शेतांत सव्वीस क्रूस मांडून ठेविले होते. त्याच सकाळीं येशूसंघाच्या एका धर्मगुरूनें दोघा जणांची व्रतें स्वीकारून त्यांना संघांत घेतलें. एक गोतो येथील योहान, एकोणीस वर्षांचा, व दुसरा याकोब किसाई, चौसष्ट वर्षांचा म्हातारा, जो ओसाका येथील मठाचा द्वारपाळ होता. ज्या संघाच्या दाराशीं गोन्सालो आठ वर्षें उभे राहिले, त्या संघाचीं माणसें त्यांच्या शेजारच्या क्रूसांवर होतीं. झगे निराळे, टेकडी एक. आणि त्या ओळींत आन्तोनी नांवाचा तेरा वर्षांचा मुलगा होता; त्याचा बाप चिनी व आई जपानी. दोन रक्तांचा मुलगा गोन्सालो एकटेच नव्हते.

सव्विसांत टेकडीवर सर्वांआधीं बंधु गोन्सालो क्रूसापाशीं पोंचले. आपला क्रूस कोणता तें त्यांनीं विचारिलें, दाखविल्यावर गुडघे टेकले आणि त्यास मिठी मारली. जपानी रीतीप्रमाणें खिळे न ठोकतां लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं देह जखडीत. मग क्रूस उभा करीत, आणि दोन्ही बाजूंनीं भालाईत भाले खुपशीत. बाल लुईला अधिकाऱ्यानें श्रद्धा सोडल्यास जीवदान देऊं केलें होतें. त्यानें तें नाकारून आपला क्रूस कोठें तें विचारिलें. पॉल मिकी यांनीं क्रूसावरून शेवटलें प्रवचन केलें व मारणाऱ्यांस क्षमा केली. थोड्याच वेळांत सर्व आटोपलें.

हिदेयोशी पुढच्याच वर्षीं, १५९८ सालीं, मरण पावला. पोप आठवे अर्बन यांनीं १६२७ सालीं या सव्वीस जणांस धन्यवादित म्हणून जाहीर केलें, आणि ८ जून १८६२ रोजीं, पेंटेकॉस्टच्या दिवशीं, पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. गोन्सालो हे भारतभूमींत जन्मलेले पहिले संत. दुसरें नांव, केरळच्या संत आल्फोन्सा यांचें, यावयास २००८ साल उजाडावें लागलें. जपानांत त्या मधल्या काळांत ख्रिस्ती धर्मास कडक बंदी होती. अडीचशें वर्षें एकही धर्मगुरु नाहीं, मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं. नागासाकी येथें परदेशीयांसाठीं या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नांवानें ओउरा येथें मंदिर बांधण्यांत आलें, आणि १७ मार्च १८६५ रोजीं जवळच्या उराकामी गांवचीं कांहीं माणसें तेथें येऊन फादर पेतिजाँ यांच्यापाशीं हळूच आपली श्रद्धा प्रकट करतीं झालीं. कोळी व शेतकरी यांनीं सात पिढ्या बाप्तिस्मा व प्रार्थना घरांतल्या घरांत जपून ठेविल्या होत्या. दार बंद करून, आवाज लहान करून, आई मुलाला शिकवी. तें उराकामी ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबॉंबखालीं जळून गेलें. मंदिर पुन्हां उभें राहिलें. निशिझाकाच्या टेकडीवर १९६२ सालीं सव्विसांच्या मूर्तींची शिल्पभिंत उभारली गेली, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८१ सालीं व पोप फ्रान्सिस यांनीं २०१९ सालीं तेथें जाऊन प्रार्थना केली.

पुण्याच्या लोकांस जपान परकें वाटूं नये असा आणखी एक धागा आहे. ज्या फादर हेन्री डोरिंग यांनीं नगर जिल्ह्यांतील केंदळ येथून १९०३ सालीं निरोप्या मासिक सुरू केलें, ते १९०७ सालीं पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धानें जर्मन धर्मगुरूंना येथें राहणें अशक्य केलें. १९२१ सालीं रोमनें त्यांस जपानांतील हिरोशिमा येथें पाठविलें, आणि १९२७ सालीं ते पुन्हां पुण्यास आले. आपल्या घरांतील म्हाताऱ्यांनीं ज्यांचें नांव ऐकलें आहे, तो माणूस गोन्सालोंच्या देशांत सहा वर्षें राहून आला होता.

वसईचें तरी काय झालें? १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला व पोर्तुगीज गेले. कोटांतील मंदिरें ओस पडलीं. छपरें गेलीं, भिंतींवर वड-पिंपळ उगवले. पण ख्रिस्ती लोक राहिले. कोणा राज्यकर्त्याचा आधार नसतांना त्यांनीं श्रद्धा टिकविली, आणि ती मराठींत टिकविली. १९९८ सालीं वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि संत गोन्सालो त्याचे आश्रयदाते संत आहेत. त्या धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे हेच २००९ सालीं आपल्या पुणें धर्मप्रांताचे बिशप म्हणून आले. सेमिनरींत असतांना आम्ही एकदां त्या किल्ल्यांत गेलों होतों. गोन्सालो जेथें शिकले त्या येशूच्या पवित्र नामाच्या मंदिराची दर्शनी भिंत अजून उभी आहे. लोक त्यास आज गोन्सालो गार्सियांचें मंदिर म्हणूनच ओळखतात. दुपारची वेळ होती. एक कोळीण टोपली खालीं ठेवून दाराशीं उभी राहिली, क्रूसाची खूण केली, आणि टोपली उचलून चालूं लागली. सारें मिळून अर्धा मिनिट लागला असेल. आम्हीं त्या दिवशीं किल्ल्याचीं पुष्कळ टिपणें घेतलीं. तीं हरवलीं, आणि ती बाई आठवणींत राहिली.

संतांचा सण जगभर ६ फेब्रुवारीस पाळला जातो. या ज्युबिली वर्षीं त्या दिवशींची मिस्सा आपल्या मंदिरांत सकाळीं न होतां रात्रीं होईल. दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्यांनीं घरीं जाऊन कपडे बदलण्याची आवश्यकता नाहीं, तसेंच यावें. पापनिवेदनासाठीं आम्ही तासभर आधींपासून बसलेले असूं.